उजेडाचे तास

भाषांतराविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा कवितेच्या, फार तर कादंबरीच्या अनुषंगाने होते. लय कशी आणावी, बोलीचे काय करावे, इमान मूळ लेखकाशी राखावे की वाचकाशी, हे प्रश्न चर्चासत्रांतून पुन्हा पुन्हा येतात. तांत्रिक मजकुराचे भाषांतर मात्र ह्या चर्चेच्या अंगणातही येत नाही. तिथे प्रत्येक शब्दाला एकच अर्थ असतो, कोश उघडला की काम झाले, असा एक समज आहे. रशियनमधून इंग्रजीत आणि क्वचित मराठीत असा मजकूर आणून मी वीसेक वर्षे उदरनिर्वाह केला. त्यामुळे हा समज मला परवडणारा नाही. माझ्या हातून झालेली जी चूक मला आजही बोचते ती कुठल्या कवितेतली नाही. ती एका काचेच्या नळीविषयीच्या अहवालातली आहे, आणि ती माझ्या लक्षात आली ती रशियनचे एक अक्षरही न जाणणाऱ्या माणसामुळे. तो माणूस म्हणजे माझे वडील.

आम्ही त्यांना नाना म्हणत असू. नाना सिनेमाचे ऑपरेटर होते. आधी टूरिंग टॉकीजच्या तंबूत, जत्रांमागून जत्रा करत. नंतर आमच्या तालुक्याच्या गावातल्या पक्क्या थिएटरात. त्या काळी मशीनमध्ये दिवा नसे, कार्बन असे. दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, मधे जेमतेम काही मिलिमीटरची फट, आणि त्या फटीत पेटलेला असा उजेड की त्याच्याकडे काळ्या काचेतूनच बघायचे. कांड्या जळत जात, तशी फट वाढे. ती सारखी सांभाळावी लागे. फट वाढली की पडद्यावरचा उजेड फडफडे, कमी झाली की चित्र पिवळट पडे. कांडी हातात घेऊन तिच्या लांबीवरून नाना सांगत की ही एका रिळाला पुरेल, ही पुरणार नाही. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटे चालते, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो असेन. फिल्म गेटमध्ये अडकली तर त्या उजेडाची धग तिला एका क्षणात खाऊन टाकी. पडद्यावर नायिकेच्या गालावर एक तपकिरी फोड उठे, फुगे, फुटे आणि पाठोपाठ शिट्ट्या. नानांच्या अंगावर शिट्ट्यांनी कधी काटा आला नाही. जळक्या फिल्मच्या वासाने यायचा. उजेड पाडणे सोपे आहे, त्याची धग सांभाळणे अवघड, असे ते म्हणत. मी ते एका ऑपरेटरचे बोलणे म्हणून ऐकत असे.

पुढे मी पुण्याला येऊन रशियन शिकलो. सोव्हिएत पुस्तके स्वस्त मिळत, हे एक कारण. दुसरे कारण असे की ती भाषा आमच्या घरात, गल्लीत, गावात कोणालाच येत नव्हती. शिकलेल्या मुलाला कधीकधी असे काहीतरी हवे असते जे घरात कोणालाच कळू नये. आज हे लिहिताना बरे वाटत नाही, पण ते तसे होते.

१९९२ साली माझ्याकडे एक बाड आले. सोव्हिएत संघ आदल्या वर्षीच विसर्जित झाला होता आणि तिथल्या प्रयोगशाळा आपापल्या कपाटांतले काय विकता येईल ह्याच्या शोधात होत्या. मुंबईतल्या एका आयात-व्यावसायिकाने काही अहवाल आणि माहितीपत्रके मिळवली होती; त्याला ती इंग्रजीत हवी होती. विषय होता ‘क्वांतोस्कोप’. मोठ्या पडद्यावर चित्र पाडणारी लेझरची नळी.

ही कल्पना जुनी होती, आणि तिचे मूळ मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेत होते. लेझरच्या मूलभूत सिद्धांतासाठी १९६४ सालचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांतले दोघे, बासोव आणि प्रोखोरोव, ह्याच संस्थेतले. त्याच वर्षी बासोव, बोग्दान्केविच आणि देव्यात्कोव ह्यांनी कॅडमियम सल्फाइडच्या स्फटिकावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून त्याच्यातून लेझरचा प्रकाश मिळवला. अर्धवाहकाचे लेझर त्याआधी, १९६२ साली, अमेरिकेत झाले होते. पण ते विजेच्या सरळ प्रवाहावर चालत आणि त्यांचा प्रकाश अवरक्त किंवा फार तर तांबडा असे. प्रवाहावर चालवायचे तर स्फटिकाची एक बाजू एका जातीची आणि दुसरी विरुद्ध जातीची करावी लागते. हिरवा-निळा प्रकाश देणारे स्फटिक, म्हणजे कॅडमियम सल्फाइड, झिंक सेलेनाइड आणि त्यांचे भाईबंद, ह्याला तयार होत नसत. एक जात ते सहज घेत, दुसरी घेतच नसत. इलेक्ट्रॉनांच्या झोताला ह्या जातींशी कर्तव्य नव्हते. तो बाहेरून येऊन आदळतो आणि स्फटिकात खळबळ माजवतो, एवढे पुरे. अडलेल्या दाराशी हुज्जत न घालता खिडकीतून आत जाण्याचा हा प्रकार मला तेव्हाही फार आवडला होता.

नंतर बासोव, बोग्दान्केविच, नासिबोव ह्या मंडळींनी त्यावरून नळी कल्पिली. जुन्या टीव्हीची काचेची नळी बऱ्याच वाचकांनी पाहिली असेल. मागे इलेक्ट्रॉनांची तोफ, पुढे फॉस्फरचा लेप दिलेली काच. झोत काचेवर ओळीओळीने फिरतो आणि जिथे पडतो तिथे ठिपका उजळतो. क्वांतोस्कोपात लेपाच्या जागी एकसंध स्फटिकाची चकती असते. ती केसाच्या जाडीइतकी पातळ घासलेली, दोन्ही अंगांना आरसे चढवलेले, आणि उष्णता वाहून नेण्यासाठी नीलमण्याच्या तबकडीवर चिकटवलेली. इलेक्ट्रॉन मागचा आरसा भेदून आत शिरतात. झोत ज्या बिंदूवर असेल तो बिंदू तेवढ्यापुरता लेझर होतो आणि पुढच्या, किंचित पारदर्शक आरशातून आपला किरण सरळ समोर फेकतो. झोत पुढे सरकला की शेजारचा बिंदू. अशी ओळीओळीने ती चकती चित्र लिहीत जाते. कॅडमियम सल्फाइडची चकती हिरवे, झिंक सेलेनाइडची निळे, सल्फाइड आणि सेलेनाइडच्या मिश्र स्फटिकाची तांबडे. तीन नळ्या, एक पडदा.

ह्यात नवे काय, असे कोणी विचारील. इलेक्ट्रॉनांच्या झोताने मोठे चित्र पाडण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. झुरिकच्या फ्रिट्झ फिशर ह्यांचे १९३९ सालचे ‘आयडोफोर’ हे यंत्र तर तेलाच्या पातळ थरावर झोताने चित्र कोरत असे. अपोलोच्या मोहिमांत ह्यूस्टनच्या नियंत्रण-कक्षातले भिंतीएवढे पडदे अशाच यंत्रांनी उजळले होते. पण तिथे झोत फक्त लिही. उजेड वेगळ्या दिव्याचा असे. उलट टीव्हीच्या नळीत उजेड झोताचाच, पण फॉस्फरचा ठिपका चहूबाजूंना प्रकाश सांडतो आणि भिंगाच्या हाती त्यातला थोडाच लागतो. क्वांतोस्कोपात लिहिणे आणि उजळणे एकाच ठिकाणी, आणि निघालेला प्रकाश अरुंद शंकूत, जवळजवळ सगळाच भिंगात. दिवा आणि फिल्म हे द्वैतच उरत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला आशय आणि अभिव्यक्ती ह्यांच्या अद्वैताविषयी किती ऐकावे लागते! इथे ते पन्नास-साठ हजार व्होल्टवर प्रत्यक्ष होत होते.

भाषांतर करताना शब्दांनी छळले, तेही सांगायला हवे. लेझरला ऊर्जा पुरवण्याला इंग्रजीत पंपिंग म्हणतात, रशियनमध्ये ‘नकाच्का’. मराठी टिपणे काढताना मी आधी ‘उपसा’ लिहिले. पण उपसा म्हणजे रिते करणे. इथे तर भरायचे होते. रशियन माणूस सायकलच्या चाकात हवा भरतो तेव्हा हेच क्रियापद वापरतो, हे आठवले आणि अडचण सुटली. दुसरा शब्द ‘पोरोग’, म्हणजे अक्षरशः उंबरठा. झोताचा जोर एका मर्यादेच्या खाली असेल तर स्फटिक नुसता मंद चमकतो, प्रकाश वाटेल तिकडे जातो. मर्यादा ओलांडली की तोच प्रकाश एका दिशेने, एकवटून निघतो. ह्या मर्यादेला उंबरठा म्हणायचे. मला साहजिकच देहलीदीपन्याय आठवला. उंबरठ्यावरचा दिवा घर आणि अंगण दोन्ही उजळतो. इथे मात्र उंबरठा ओलांडला की दिव्याचे सगळीकडे उजळणेच थांबते. हे मी टिपणवहीत लिहून ठेवले आणि स्वतःवर खूश झालो. अशा खुशीत असतानाच माणूस पुढच्या पानावर चुकतो.

बाड संपवून, टंकून, पाठवून मी दिवाळीला गावी गेलो. नाना निवृत्तीला आले होते. थिएटरात कार्बन जाऊन झेनॉनचा दिवा आला होता. त्याच्याविषयी ते ‘बाटलीतला उजेड’ असे जरा तुच्छतेने बोलत, पण तो बदलताना तोंडावर जाळी चढवायला विसरत नसत, कारण ती बाटली दाबाखाली असते आणि फुटली तर चेहरा घेते. फराळ झाल्यावर मी त्यांना क्वांतोस्कोपाविषयी सांगू लागलो. कार्बन नाही, झेनॉन नाही, फिल्म नाही. नुसती नळी आणि तिच्यातून थेट रंगीत लेझरचे चित्र. माझ्या आवाजात थोडी फुशारकी असणार. त्यांनी सगळे ऐकून घेतले. सुपारी कातरत विचारले, “थंड कशानं ठेवतात?”

मी म्हणालो, द्रवरूप नायट्रोजनने, उणे १९६ अंशांचा. चकती थंड असली की उंबरठा खाली राहतो, तापली की वर चढतो. त्यांना हे पटले. धगीचा हिशोब त्यांना समजावून सांगावा लागला नाही. “रोज कोण ओतणार ते? बर्फवाल्यासारखा माणूस ठेवायचा का?” मग थोड्या वेळाने दुसरा प्रश्न. “आणि चालते किती तास?”

मला उत्तर ठाऊक नव्हते. बाडात तसे काही वाचल्याचे आठवेना. “नाना, ही प्रयोगशाळेतली गोष्ट आहे. हे असले प्रश्न तज्ज्ञ लोक बघतील,” असे मी म्हणालो. ते ‘बरं’ म्हणाले आणि उठून रेडिओ लावला.

रात्री झोप येईना. मूळ बाडाची प्रत मी बरोबर आणली होती. कंदिलाची गरज नव्हती, वीज होती. पण ओसरीवर जाऊन बसलो. एका पानावर ते वाक्य सापडले. ‘रेसुर्स’ हा शब्द आणि तो मर्यादित असल्याचे विधान. रशियनमध्ये ह्या शब्दाचा साधनसंपत्ती हा अर्थ आहेच, इंग्रजीतल्या जुळ्या शब्दासारखा. पण यंत्राच्या बाबतीत तो यंत्राचे आयुष्य सांगतो. किती तास चालेल, तेवढा त्याचा रेसुर्स. मी लिहिले होते की नळीच्या प्रकल्पासाठी उपलब्ध साधने मर्यादित आहेत. ‘प्रकल्पासाठी’ आणि ‘उपलब्ध’ हे दोन शब्द मूळ वाक्यात नव्हतेच. वाक्य अडले, म्हणून मी ते पदरचे घातले होते. आणि ते खपूनही गेले असते, कारण १९९२ सालच्या रशियात साधने मर्यादित आहेत हे कोणालाही खरे वाटले असते. वर्तमानपत्रांनी माझ्या चुकीला आधीच दुजोरा देऊन ठेवला होता. पुढच्या वाक्यातल्या तासांच्या उल्लेखाला मी चाचणीचे तास समजून बाजूला सारले होते. त्या परिच्छेदात ही नळी फार तास टिकत नाही असे प्रांजळपणे लिहिले होते, आणि विकत घेऊ पाहणाऱ्या माणसाने बाकी सगळे सोडून तेवढेच वाचायला हवे होते.

भाषांतरकार अर्थ चुकतो तेव्हा बहुधा शब्द येत नसतो म्हणून चुकत नाही. त्याला ती वस्तू ठाऊक नसते. मला रेसुर्स शब्दाचा दुसरा अर्थ कोशात वाचून ठाऊक होता. तो त्या पानावर मला हाक मारत नव्हता, कारण उजेड संपतो ही गोष्ट मी विसरलो होतो. कांडीची लांबी पाहून रीळ निघेल का सांगणाऱ्या माणसाच्या घरात वाढून विसरलो होतो.

पुण्याला परतताच मी शुद्धिपत्र पाठवले. त्याची पोच आली नाही. मोबदला आधीच मिळाला होता. पुढचे काम त्या ठिकाणाहून आले नाही.

नानांनी विचारलेल्या दोन्ही प्रश्नांशी ती नळी पुढेही झगडत राहिली, हे मला हळूहळू वाचनातून कळत गेले. धग हा योगायोग नव्हता, तो त्या युक्तीच्या पोटातच होता. वेगवान इलेक्ट्रॉन स्फटिकात शिरून इलेक्ट्रॉन आणि पोकळी ह्यांच्या जोड्या निर्माण करतो. पन्नास हजार व्होल्टचा एक इलेक्ट्रॉन सुमारे सात हजार जोड्या. पण प्रत्येक जोडीमागे तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशाच्या साधारण तिप्पट ऊर्जा खर्ची पडते. म्हणजे सगळे उत्तम जमले तरी फार तर एक तृतीयांश उजेड. उरलेली धग त्या पातळ चकतीने सोसायची. शिवाय एवढ्या जोराने आदळणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरण उत्पन्न करतात, त्यांचा बंदोबस्त वेगळा. खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या नळ्याही पुढे प्रयोगशाळांत दाखवल्या गेल्या. तिच्या प्रकाशाचा एक गुण तर आजच्या लेझरांनाही हेवा वाटावा असा होता. लेझरच्या चित्रात जी रवाळ लुकलुक दिसते ती तिच्यात फार कमी असे, कारण प्रत्येक बिंदू आपापल्या परीने उजळून विझे. पण तोवर बंद दारच उघडले. १९९१ साली अमेरिकेत झिंक सेलेनाइडचा प्रवाहावर चालणारा निळा-हिरवा लेझर झाला. जी जात तो स्फटिक घेत नव्हता ती त्याला अखेर घ्यायला लावली होती. गंमत अशी की तोही रेसुर्सनेच मेला. वर्षानुवर्षे खटपट करून त्याचे आयुष्य काहीशे तासांपलीकडे जाईना. मग नाकामुरा ह्यांनी जपानमध्ये गॅलियम नायट्राइड ह्या वेगळ्याच पदार्थातून १९९६च्या सुमारास निळसर-जांभळा लेझर काढला, २००९ साली त्याच कुळातले हिरवे लेझर आले, आणि खिडकीतून आत जाण्याचे प्रयोजनच सरले. आज चित्रपटगृहांत जे लेझर प्रोजेक्टर आहेत ते ह्या दुसऱ्या वंशाचे.

नाना २००३ साली गेले. त्या दिवाळीनंतरच्या अकरा वर्षांत मी त्यांना ती गोष्ट सांगितली नाही. मुद्दाम लपवली असेही नाही. गावी गेलो की उसाचे, दुखणाऱ्या गुडघ्यांचे, भावाच्या नोकरीचे बोलणे होई. एकदा त्यांनी आपण होऊन विचारले, “ती तुझी रशियाची नळी आली का रे कुठं?” मी म्हणालो, नाही आली. “गरम होत असणार,” ते म्हणाले. तेव्हा सांगता आले असते.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका चित्रपटगृहात खेळ संपल्यावर मी मागे रेंगाळलो. लहानपणची सवय, पडद्याकडे पाठ करून झरोक्याकडे बघायचे. केबिनचे दार उघडे होते. आत विशी-पंचविशीचा मुलगा एकटाच, मोबाइल बघत बसलेला. यंत्राचा नुसता पंख्यांचा आवाज; फिल्मची ती परिचित खडखड नाही, वासही नाही. मी त्याला विचारले, ह्यात दिवा कुठला? “दिवा नाही काका, लेझर आहे.” थंड कसे ठेवता? तो जरा चकित झाला. आतून पाणी फिरते, आणि खोलीला एसी आहे, म्हणाला. एसी बंद पडला की यंत्र आपोआप मंद होते. आणि चालते किती तास? त्याने एक बटण दाबून पडद्यावरचा आकडा दाखवला. सहा हजारांवर काही तास झाले होते. कंपनी वीस हजार म्हणते, तो म्हणाला, पण शेवटी शेवटी उजेड उतरत जाणार, ते प्रेक्षकांना कळत नाही, आम्हाला कळते.

मग त्याने मोबाइल बाजूला ठेवून विचारले, “तुमच्यात कोणी होतं का काका ह्या लाइनीत?”